मालमोटारीची मुनशीगिरी

सरहद्द म्हणजे काय, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तरास विचारला तर तो नकाशावर ठिपक्यांची एक रेघ दाखवील, इतिहासकारास विचारला तर तो एखाद्या तहाचीं कलमें वाचून दाखवील, आणि कवीस विचारला तर तो सरहद्द मुळीं नाहींच असें सांगून मोकळा होईल. आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही आमच्या टेबलाचा उजव्या हाताचा खण उघडून दाखवूं. त्या खणांत निरनिराळ्या राज्यांचे कागद निरनिराळ्या रंगांच्या पाकिटांत ठेविलेले आहेत, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानें आमची अशी खात्री झाली आहे कीं, सरहद्दीचें खरें वास्तव्य ह्या पाकिटांतच असतें.

आम्ही न्यू जर्सींत एका लहानशा मालवाहतुकीच्या धंद्यांत हिशेबनीस आहों. मालक पंजाबी, गाड्या नऊ, ड्रायव्हर अकरा, आणि कारकून आम्ही एकटेच. तेव्हां ह्या लेखांतील 'आम्ही' हें बहुवचन भाषेच्या रूढीपुरतेंच समजावें, त्यामागें मोठ्या कचेरीचा फौजफाटा आहे असा ग्रह वाचकांनीं करून घेऊं नये. मुंबईच्या एका महाविद्यालयांतून वाणिज्याची पदवी घेऊन ह्या देशांत आलों, तेव्हां मोठमोठ्या पेढ्यांचे ताळेबंद तपासण्याचीं स्वप्नें आम्ही पाहात होतों. त्या स्वप्नांचें काय झालें, हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. ड्रायव्हर मंडळी आम्हांस 'मुनशीजी' म्हणतात. पहिलीं दोन वर्षें हा शब्द आमच्या कानांस झोंबत असे. पुढें असें ध्यानांत आलें कीं, पंजाबांतील ट्रक-अड्ड्यावरचा मुनशी ही कांहीं लहानसहान असामी नव्हे, त्याच्या चिठीवांचून चाक हलत नाहीं. तेव्हांपासून आम्हीं ती पदवी मुकाट्यानें पत्करली आहे.

ज्यांचा ह्या धंद्याशीं संबंध आला नाहीं त्यांची समजूत अशी असते कीं, अमेरिका हा एक देश असल्यामुळें गाडीला एकदां परवाना मिळाला म्हणजे तिनें ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत खुशाल धांवावें. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. मध्यवर्ती सरकारनें दिलेला एक क्रमांक गाडीच्या दारावर रंगविलेला असतो, आणि राज्याराज्यांमधील व्यापारास राज्यांनीं विनाकारण आडकाठी करूं नये, हें तत्त्व त्या देशाच्या राज्यघटनेंतूनच निघालेलें आहे. परंतु रस्ते बांधणें व राखणें हें काम बहुतांशीं राज्यांचें. आणि ज्याचा रस्ता त्याचा कर, हा न्याय सर्वत्र सारखाच. आमची गाडी टेनेसींतील नॅशव्हिल शहरीं जाते, ती मुख्यतः ८१ क्रमांकाच्या महामार्गानें. ह्या मार्गावर पेनसिल्व्हेनिया संपून मेरीलंड लागतें आणि अवघ्या बारा मैलांत संपतें. मग सव्वीस मैल वेस्ट व्हर्जिनिया. मग व्हर्जिनियाचा तीनशेंहून अधिक मैलांचा लांबलचक पट्टा. मेरीलंडच्या बारा मैलांत ड्रायव्हरचा पेलाभर चहासुद्धां पुरता पिऊन होत नाहीं. तथापि तेवढ्या बारा मैलांत जें डिझेल जळलें, त्यावरील कर मेरीलंडचा. मग तें डिझेल न्यू जर्सींत कां भरलेलें असेना. गाडी गॅलनला सहा मैल चालते असें धरलें, तर हें तेल झालें दोन गॅलन, आणि त्यावरील कर एका डॉलरच्या आंतच.

हा हिशेब प्रत्येक राज्याशीं वेगळा करावा लागला असता, तर आमच्यासारख्यांस वेड लागण्याची पाळी आली असती. सुदैवानें खंडांतील ४८ राज्यें व कॅनडाचे १० प्रांत यांनीं आपसांत करार केला आहे. तीन महिन्यांतून एकदां आपल्या घरच्या राज्याकडे एकच तक्ता पाठवावा, आणि कोणाचें कोणास किती देणें निघतें तें राज्यांनीं आपसांत फेडून घ्यावें. नंबरच्या पाटीचेंही तसेंच. ज्या राज्यांत जितके मैल, त्या प्रमाणांत पाटीची फी राज्यांमध्यें वांटली जाते. कागद मात्र चार वर्षें जपून ठेवावे लागतात, आणि चार वर्षांपूर्वींच्या एखाद्या मंगळवारीं गाडी कोणत्या पंपावर उभी होती, हें दाखवितां आलें पाहिजे. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा मनुष्यही ह्या धंद्यांत अशा मंगळवारांचा हिशेब ठेवावयास शिकतो.

पण कांहीं राज्यें एवढ्यावर तृप्त नाहींत. कंटकींत ६०,००० पौंड व त्याहून अधिक वजनाच्या गाडीवर मैलाला २.८५ सेंट असा निराळा कर आहे, आणि त्यासाठीं त्या राज्याचा निराळा क्रमांक घ्यावा लागतो. न्यू यॉर्कचा असाच कर १८,००० पौंडांपासून सुरू होतो. न्यू मेक्सिकोचा वेगळा. कनेक्टिकट हें राज्य आतांपर्यंत ह्या पंक्तींत नव्हतें, तेंही १ जानेवारी २०२३ पासून येऊन बसलें. आणि ऑरेगॉनची तर तऱ्हाच न्यारी! तेथें जड गाडीच्या डिझेलवर कर नाहींच. गाडीचें जाहीर केलेलें वजन आणि चाललेले मैल यांवरच काय तो कर. १९१९ सालीं पेट्रोलवर कर बसवून त्यांतून रस्ते करण्याची कल्पना अंमलांत आणणारें पहिलें राज्य हेंच. आणि जड गाड्यांपुरती ती कल्पना बाजूस सारणारेंही हेंच.

आमच्या मालकांचें मत असें कीं, हीं सारीं राज्यें म्हणजे वाटेवर दबा धरून बसलेले लुटारू आहेत. तें मत आम्हांस मान्य नाहीं, आणि पगार त्यांचा घेत असतांही आम्हीं तें त्यांना सांगितलेलें आहे. १९५८ ते १९६० या काळांत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून भरलेल्या गाड्या फिरविण्यांत आल्या आणि रस्त्याची झीज मोजण्यांत आली. त्या प्रयोगांतून असें निघालें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाहीं, सुमारें सोळापट होते. घरची मोटार आणि आमची ८०,००० पौंडांची गाडी एकाच रस्त्यावरून जातात खऱ्या. पण एक रस्ता वापरते आणि दुसरी रस्ता खाते. अशा स्थितींत ऑरेगॉननें वजन व मैल विचारले तर त्यांत लुटारूपणा कोठें आला? आमची तक्रार कराविषयीं नाहींच. ती आहे ती प्रत्येकानें आपापलें निराळें दार, निराळी घंटा आणि निराळा द्वारपाल ठेवण्याविषयीं.

ह्या द्वारपालांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. एके काळीं गाडींत एक पुठ्ठा बाळगावा लागे. त्यावर राज्यवार चौकोन आंखलेले असत, आणि ज्या ज्या राज्यांतून जावयाचें त्या त्या राज्याचें तिकीट त्याच्या चौकोनांत चिकटवावें लागे. तो पुठ्ठा आंकड्यांच्या सोडतीच्या खेळासारखा दिसे, म्हणून ड्रायव्हर त्यास 'बिंगो' म्हणत. १९९१ च्या कायद्यानें हा खेळ संपुष्टांत आणला. त्याच्याही आधींची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इलिनॉय राज्यानें असा कायदा केला कीं, जड गाडीच्या मागच्या चाकांवरील मडगार्ड वक्राकारच असले पाहिजेत. तिकडे आर्कान्सास राज्यांत नियम असा कीं, ते सरळच असले पाहिजेत. म्हणजे एकाच गाडीनें दोन्ही राज्यांतून जावयाचें झाल्यास वाटेंत थांबून, चाकांमागचीं वस्त्रें बदलून, मग पुढें जावयाचें! सोंवळ्या-ओंवळ्याचा विचार आमच्याच समाजांत आहे असें कोणीं समजूं नये. १९५९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें इलिनॉयचा तो कायदा रद्द केला. पुढें १९८७ मध्यें पेनसिल्व्हेनियाची पाळी आली. तेथें आंसामागें ३६ डॉलर असा सरसकट कर होता, गाडी त्या राज्यांत शंभर मैल चालो कीं लाख मैल चालो. आणि गंमत ही कीं, त्याच वेळीं राज्यांतील गाड्यांची नोंदणी-फी तेवढी कमी करून टाकलेली. घरच्यांच्या पानांत तूप आणि पाहुण्याच्या पानांत ताक, असा तो प्रकार होता. न्यायालयानें विचारलें कीं, प्रत्येक राज्य असेंच करूं लागलें तर देशभर फिरणाऱ्या गाडीचें काय होईल? कर रद्द झाला.

हें वाचतांना आम्हांस मुलुंडच्या जकात नाक्याची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. आमचें बालपण ठाण्यास गेलें. मुंबईच्या वेशीवरचा तो नाका, तेथें रात्रंदिवस उभ्या असलेल्या मालमोटारींच्या रांगा, गाडीखालीं सावलीस झोंपलेले क्लीनर, आणि हातांत कागदांची चळत घेऊन खिडकीकडे पळणारे जकातीचे दलाल, हें दृश्य आम्हीं इतक्यांदा पाहिलें होतें कीं, मालमोटार ही उभी राहण्याचीच वस्तु आहे अशी आमची लहानपणीं कल्पना होती. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. आमच्या वडील बंधूंनीं त्या दिवशीं मुद्दाम फोन करून सांगितलें, "नाका सुटला रे!" साता समुद्रांपलीकडे बसलेल्या धाकट्या भावानें त्या बातमीचा एवढा आनंद कां मानावा, हें त्यांना कळलें नसेल. त्या वेळीं आमच्या पुढ्यांत न्यू यॉर्कचा तक्ता पडलेला होता.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट सांगतों.

आमच्या ड्रायव्हरांत एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. त्यांना सारे 'बाईजी' म्हणतात. पंजाबांतील मालवा भागांत वडील भावास 'बाई' म्हणण्याची चाल आहे. परंतु छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि सहा फुटांचा देह यांस 'बाईजी' अशी हांक ऐकून पहिल्या दिवशीं आम्हीं चमकून मागें पाहिलें होतें, आणि खोलींत दुसरें कोणीच नाहीं असें पाहून अधिकच गोंधळलों होतों. त्यांनीं आमच्या मुद्रेवरून तें ओळखलें. तेव्हांपासून त्यांचा आमच्यावर लोभ आहे.

२०२३ च्या मार्च महिन्यांतली ही हकीकत. मालकांनीं फेब्रुवारींतच आम्हांस बजावलें होतें कीं, दक्षिणेचें काम वाढत आहे, परतीचे माल कोठूनही उचलावे लागतील, तर कंटकीचा क्रमांक काढून ठेवावा. आम्हीं 'हो' म्हटलें. कंटकीचें पाकीटही तयार केलें, हिरव्या रंगाचें. आंत कांहीं नव्हतें. त्या दिवसांत कनेक्टिकटच्या नव्या करानें आमचें डोकें खाल्लें होतें, आणि नव्याच्या नादांत जुनें राहून गेलें. आळस म्हणावा तर तो नव्हता. आणि आळस नव्हता म्हणून सुटका होते असेंही नाहीं.

बाईजींच्या पत्नी आदल्या वर्षीं मार्चमध्येंच निवर्तल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानें गुरुद्वारांत अखंड पाठ ठेविला होता, आणि शनिवारीं सकाळीं अकरा वाजतां त्याची समाप्ति, म्हणजे भोग, व्हावयाचा होता. बाईजी सोमवारीं नॅशव्हिलला निघाले ते हा हिशेब करूनच. परतीचा माल ओहायोंतील कोलंबस शहराचा मिळाला. गुरुवारीं पहाटे पांचला काम सुरू करावें, संध्याकाळीं कोलंबसला माल उतरवावा, शुक्रवारीं रात्रीं घरीं यावें. नॅशव्हिलहून कोलंबसची सरळ वाट कंटकींतून जाते.

कंटकींत शिरल्यावर थोड्याच अंतरावर वजनकाटा आहे. तेथें कॅमेरे दारावरील क्रमांक वाचतात, आणि कर भरण्याच्या खात्यांत त्या क्रमांकाची नोंद आहे कीं नाहीं हें तत्काळ समजतें. आमची नव्हती. सकाळीं साडेनऊला फोन वाजला. बाईजींचा आवाज नेहमींसारखा शांत होता. "मुनशीजी, कंटकीवाले आपला नंबर विचारताहेत." आम्हीं खण उघडला. हिरवें पाकीट हातांत घेतलें. तें किती हलकें होतें, हें आम्हांस अजून आठवतें.

तात्पुरता परवाना काढतां येतो. आम्ही तो काढावयास बसलों. हात कांपत होते. मध्यवर्ती क्रमांकांतील दोन आंकडे आम्हीं उलटसुलट लिहिले. अर्ज परत आला. पुन्हां भरला, तों गाडीचें वजन चुकीच्या रकान्यांत पडलें. मधून मधून फोन येत होता, आणि वाचकहो, त्या फोनवर बाईजींनीं एकदांही 'किती वेळ?' असें विचारलें नाहीं. उलट म्हणाले, "साहेब भला माणूस आहे, मला बसायला खुर्ची दिली आहे. तुम्ही घाई करूं नका, घाईंत चूक होते." दंड भरून आणि परवाना मिळून गाडी सुटली तेव्हां अडीच वाजून गेले होते.

गेले असतील पांच तास, त्यांत काय एवढें, असें कोणी म्हणेल. परंतु ड्रायव्हरचा दिवस हा सूर्यावर चालत नाहीं. काम सुरू केल्यापासून चौदा तासांच्या आंत त्याचें गाडी हांकणें संपलें पाहिजे, त्यांतही अकरा तासांहून अधिक हांकतां येत नाहीं, आणि मग दहा तास विश्रांति सक्तीची. हा मध्यवर्ती सरकारचा नियम आहे व चांगला आहे. झोंपेनें डोळे मिटलेल्या माणसाच्या हातीं ८०,००० पौंड असूं नयेत. पण ह्या चौदा तासांचें घड्याळ वजनकाट्यावरच्या खुर्चींत बसल्यानें थांबत नाहीं. पहाटे पांचला सुरू झालेला दिवस संध्याकाळीं सातला संपला, तेव्हां बाईजी ओहायोच्या अलीकडेंच होते. शुक्रवारीं सकाळीं ते कोलंबसला पोंचले. पण माल उतरविण्याची त्यांची वेळ आदल्या संध्याकाळची होती व ती गेली होती. गोदामवाल्यांनीं त्यांना रांगेच्या शेवटीं घातलें. दिवसभर गाडी चार पावलें पुढें, पुन्हां चार पावलें पुढें, अशी सरकवावी लागल्यानें तें थांबणें विश्रांतीच्या हिशेबांतही धरतां आलें नाहीं. साडेसहाला गाडी रिकामी झाली. सातला घड्याळ पुन्हां संपलें. शनिवारीं पहाटे पांचच्या आधीं चाक हलवणें बेकायदेशीर, आणि तेथून घर आठ-नऊ तासांचें.

शनिवारीं सकाळीं आम्ही गुरुद्वारांत गेलों. बाईजींच्या जागीं त्यांचा मुलगा बसला होता. आम्हांस पाहून त्यानें हात जोडले व शेजारीं जागा केली; त्या मुलास कांहीं माहीत नव्हतें, वाटेंत गाडीस उशीर झाला एवढेंच ठाऊक होतें. आम्हीं त्यास सांगितलें नाहीं. तेथें सांगणें शोभलें नसतें, अशी समजूत आम्हीं त्या वेळीं करून घेतली. आज विचारलें तर तो भित्रेपणा होता असेंच म्हणूं. पाठ संपला, कडाहप्रसाद वांटला गेला, लंगरच्या पंगती बसल्या. आम्हीं जेवून न जेवल्यासारखें केलें आणि गाड्यांच्या आवारांत जाऊन उभे राहिलों.

सव्वादोनला गाडी आली. बाईजी खालीं उतरले. "पाठ झाला?" म्हणाले.

"झाला," आम्ही म्हणालों.

"मुलगा बसला होता?"

"बसला होता."

"मग ठीक." एवढें बोलून त्यांनीं डिझेलच्या पावत्या, नेहमींप्रमाणें तारीखवार लावलेल्या, आमच्या हातीं दिल्या. सर्वांत खालीं दंडाची पावती होती, चौघडी घालून. आम्ही कांहीं बोलणार तों ते गाडीच्या दुसऱ्या बाजूस जाऊन ट्रेलरचीं चाकें ठोकून पाहूं लागले. प्रवास संपला म्हणजे ते तसें करतातच. त्या दिवशीं मात्र अठरा चाकांना नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक वेळ लागला.

दंडाची रक्कम आम्हीं आमच्या पगारांतून कापून घेण्याविषयीं मालकांस लिहून दिलें. मालक रागावले खरे, पण त्यांनीं तो कागद फाडून टाकला; त्यांच्या रागाचा विषय अजूनही कंटकी हाच होता, आम्ही नव्हतों, आणि हें आम्हांस शिक्षेहून जड गेलें.

एप्रिलअखेर तिमाही तक्ते पाठविण्याची वेळ आली. कंटकीचा कायमचा क्रमांक तोंवर आलेला होता. त्या एका फेरींत बाईजींची गाडी कंटकींतून सुमारें २३५ मैल चालली होती. २३५ गुणिलें २.८५ सेंट. आम्हीं हा गुणाकार यंत्रावर केला, मग कागदावर केला, मग पुन्हां यंत्रावर केला. सहा डॉलर सत्तर सेंट. तेवढा कर आम्हीं भरला.

हिरव्या पाकिटांत आतां कागद आहेत. बाईजी अजून गाडी हांकतात, पण लांबच्या फेऱ्या कमी केल्या आहेत. बहुधा बोस्टन, क्वचित् बफेलो. निघण्यापूर्वीं ते कचेरीच्या दारांत येऊन उभे राहातात आणि दाढीवरून हात फिरवीत विचारतात, "मुनशीजी, कंटकी?" बोस्टनच्या वाटेवर कंटकी लागत नाहीं, हें त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हांसही. आम्ही खण उघडतों, हिरवें पाकीट वर काढून त्यांना दाखवितों, आणि ते मान हलवून गाडीकडे जातात.